गव्हाणीपाशी शिकायचे धडे

शास्त्रवाचन : लूक १:२६-५६, लूक २:१-२४, मत्तय १:१८ ते २:२३



मौद्याच्या आसपास डिसेंबर म्हणजे धानाच्या मळणीचे दिवस. शेतात पुंजणी उभी असतात, खळ्यावर तणसाचे ढीग लागतात आणि आपल्या मंडळ्यांतली तरुण मुले त्यातलेच दोन भारे मागून आणून चर्चमध्ये गव्हाणी सजवतात. वर तारा लावतात, आत मातीची किंवा प्लास्टरची चित्रे मांडतात. लहानपणापासून आपण हे इतक्या वेळा पाहिले आहे की ख्रिस्तजन्माची गोष्ट आपल्याला पाठ झाली आहे. जे पाठ होते त्याकडे पुन्हा नीट पाहायचे मात्र राहून जाते.

म्हणून या अंकात आपण या वृत्तान्ताचा थोडा सावकाश अभ्यास करू. वर दिलेले अध्याय आधी पवित्र शास्त्रातून वाचावेत आणि मगच हा लेख पुढे वाचावा, ही विनंती. कुटुंबप्रार्थनेत किंवा महिला मंडळाच्या सभेत रोज एक मुद्दा घेतला तरी चालेल.

१. देवाचा पुत्र वाटेवर असलेल्या लोकांत जन्मला

लूक आपली कथा सम्राटाच्या हुकमाने सुरू करतो. कैसर औगुस्ताने नावनोंदणीचा हुकूम काढला आणि दूरच्या गालीलातल्या एका सुताराला घर सोडून निघावे लागले. नासरेथ ते बेथलेहेम हे अंतर, वाट कोणती धरली त्याप्रमाणे, सुमारे सव्वाशे ते दीडशे किलोमीटर. नागपूरहून चंद्रपूरला पायी जाण्यासारखेच. मरीयेचे दिवस भरत आले होते. योसेफ आणि मरीया हौसेने निघाले नव्हते. मोठ्यांच्या कचेरीत एक निर्णय झाला आणि गरिबाला चालावे लागले.

आपल्या भागात दिवाळी झाली की असेच लोक येऊ लागतात. गोंदियाकडून, छत्तीसगडातून, मध्य प्रदेशातून. कोणी मिरची तोडायला येतो, कोणी वीटभट्टीवर. त्यांतली बरीच कुटुंबे आदिवासी असतात. ठेकेदाराकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत जाता येत नाही. मुलांची शाळा सुटते. गावातल्या आशाताईंच्या वहीत नाव असलेली गरोदर बाई इथे कोणाच्याच वहीत नसते.

पहिला धडा हा की देवाने आपल्या पुत्रासाठी नेमके असे कुटुंब आणि अशीच वेळ निवडली. ज्या घराचा पत्ता कायम आहे, ज्याच्या दारावर पाटी आहे, त्या घरात तो आला नाही. म्हणून परगावाहून पोटासाठी आलेल्या माणसाकडे ख्रिस्ती माणसाने ‘बाहेरचे लोक’ म्हणून पाहू नये. आपला प्रभू जन्मला त्या रात्री तोही त्या गावात बाहेरचाच होता.

२. कोणी हाकलले नाही, तरी जागा नव्हती

नाताळच्या नाटकात एक पात्र हमखास असते, धर्मशाळेचा मालक. संडे स्कूलमधला सर्वांत धिप्पाड मुलगा त्यासाठी निवडतात. तो कमरेवर हात ठेवून ओरडतो, दार लावतो आणि सगळे हसतात. मीही हे काम केले आहे. पण लूकचा दुसरा अध्याय पुन्हा वाचा. त्यात असा मालक कुठेच नाही. कोणी ओरडत नाही, कोणी दार लावत नाही. लूक एवढेच सांगतो की जागा नव्हती.

ज्या शब्दाचे आपल्या जुन्या भाषांतरात ‘उतारशाळा’ असे रूप झाले आहे तो मूळ ग्रीक शब्द ‘कतालुमा’ असा आहे. प्रभूने शिष्यांबरोबर शेवटचे भोजन जिथे केले त्या माडीवरच्या खोलीसाठीही लूकने हाच शब्द वापरला आहे (लूक २२:११). पण चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला ज्या खाणावळीत नेले, तिथे लूकने वेगळा शब्द घेतला आहे (लूक १०:३४). यावरून अनेक अभ्यासकांचे मत असे की लूकला इथे पाहुण्यांची खोली म्हणायचे असावे. त्या काळच्या साध्या घरात माणसे थोड्या उंच भागात राहत आणि रात्री जनावरे आत घेऊन खालच्या भागात बांधत. आपल्या खेड्यांत घराला लागूनच गोठा असतो, त्यामुळे हे चित्र आपल्याला परके नाही. नावनोंदणीसाठी नातलग आले असतील, पाहुण्यांची खोली भरली असेल आणि अवघडलेल्या बाईला गुरांच्या बाजूला जागा मिळाली असेल.

असे असेल तर हा धडा अधिकच बोचतो. बेथलेहेमचे लोक दुष्ट नव्हते. त्यांची घरे भरलेली होती, एवढेच. प्रभूला नकार देण्यासाठी मनात वैर असावे लागत नाही. मन आणि घर आधीच भरलेले असले की पुरे होते.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. मी ते चुकून शिकलो.

त्या नाताळला आता सहा वर्षे झाली. २४ डिसेंबरची रात्र होती. मंडळीचा हॉल गच्च भरला होता. मुलांचे नाटक व्हायचे होते, त्यानंतर कॅरलसाठी तीन गावांना जायचे होते. आमच्या सेवेची एकच गाडी. तिच्यात साउंड सिस्टिम, ढोलक आणि दोन गोणी प्रसाद-खाऊ भरून ठेवला होता. साडेआठच्या सुमारास फाटकाशी एक माणूस आला. अंगावर पातळ सदरा, डोक्याला गमछा. कन्हान नदीच्या बाजूच्या एका वीटभट्टीवरचा मजूर, गोंदियाकडचा गोंड. मला बाहेर बोलावून म्हणाला, “सर, गाडी भेटन का जी? बाईले कळा सुरू झाल्या.”

मी त्याला रागावलो नाही. दार लावले नाही. मी म्हणालो, “दादा, एकशे आठला फोन करा, लगेच येते. आमचा कार्यक्रम आटोपला की मीही पाहतो.” त्याला नंबर कागदावर लिहून दिला आणि आत गेलो. कारण नाटक सुरू होणार होते आणि निवेदन माझ्याकडे होते. तो काही वेळ फाटकाशी उभा होता, असे नंतर एका मुलाने सांगितले. मग निघून गेला.

आत नाटकात मालकाने दार लावले. सगळे हसले. मीही हसलो.

रात्री दीडला कॅरल आटोपून परतलो तेव्हा मला त्याची आठवण झाली. उशीर झाला, आता ते दवाखान्यात पोचले असतील, असे मनाला सांगून झोपलो. सकाळची उपासना आटोपल्यावर मात्र राहवेना, म्हणून भट्टीवर गेलो. रुग्णवाहिका आलीच नव्हती, कारण तिला बोलावलेच गेले नव्हते. त्याच्या फोनमध्ये बॅलन्स होता. पण भट्टीचा पत्ता त्याला सांगता येईना आणि मुनीम गावाला गेलेला. बाई झोपडीतच बाळंत झाली होती. मुलगा. शेजारच्या झोपडीतल्या म्हाताऱ्या आजीने सगळे केले. थंडी कडक होती. बाळ गार पडायला लागले तेव्हा तिने आधी त्याला आईच्या उघड्या छातीशी धरले. आई थकून गेली तेव्हा स्वतःच्या छातीशी, आणि वरून घरातली होती नव्हती तेवढी लुगडी व पोती घेतली. पहाटेपर्यंत ती तशीच बसून होती.

आम्ही त्या दोघांना लगेच गाडीने दवाखान्यात नेले. बाळ नऊ दिवस नवजात कक्षात होते. ते वाचले, हे देवाचे उपकार. माझा त्यात काही वाटा नाही.

मला सर्वांत जड गेले ते दुसरेच. मी भट्टीवर पोचलो तेव्हा त्या माणसाने मला एक शब्दही उणा बोलला नाही. झोपडीपुढच्या चुलीजवळचे आपले पोते माझ्याकडे सरकवले आणि म्हणाला, “बसा जी, थंडी हाये.” हॉलमध्ये दोनशे खुर्च्या असताना मी त्याला बसायला सांगितले नव्हते. त्याच्याकडे एकच पोते होते आणि ते त्याने मला दिले.

त्या वर्षापासून आमच्या सेवेचा एक नियम आहे. २४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून २६ च्या सकाळपर्यंत गाडीत काही भरायचे नाही. ती रिकामी उभी राहते आणि ड्रायव्हर जागा असतो. कॅरलची मुले सायकलींवर जातात. दर नाताळला त्या गाडीची गरज पडतेच असे नाही. पण तरी ती रिकामी ठेवायची, कारण जागा आधी करून ठेवावी लागते. गरज दारात आल्यावर ती करता येत नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या या मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरत होती. पंडिता रमाबाई तेव्हा पुण्यात शारदासदन चालवत होत्या. त्या इकडे आल्या आणि अनाथ, उपाशी मुली व विधवा आपल्याबरोबर घेऊन गेल्या. त्या मुलींची संख्या शेकड्यांत गेली. इतक्या जणींना ठेवायला पुण्यात जागा नव्हती, त्यात तिथे प्लेगची साथ होती. रमाबाईंनी ‘जागा नाही’ असे म्हटले नाही. केडगावला संस्थेची शेतजमीन होती, तिथे त्यांनी मुलींची सोय केली. आधी तात्पुरते निवारे उभे राहिले, पक्क्या इमारती मागाहून आल्या. आज आपण ज्याला मुक्ती मिशन म्हणतो त्याची वाढ अशी झाली. माणसे आधी आली आणि भिंती नंतर.

३. योसेफ : न बोलणारा नीतिमान पुरुष

चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचे एकही वाक्य नाही. पण मत्तय त्याला नीतिमान म्हणतो, आणि त्याच्या नीतीचा पुरावा देताना कोणते उदाहरण घेतो ते पाहा. वाग्दत्त वधू गरोदर आहे हे कळल्यावर त्याने तिची बेअब्रू होऊ द्यायची नाही असे ठरवले (मत्तय १:१९). देवदूताचे स्वप्न त्यानंतर पडले. म्हणजे खरे कारण कळण्याच्या आधीच, स्वतः दुखावलेला असताना, त्याने तिला वाचवायचे ठरवले होते.

मरीयेचा गर्भ पवित्र आत्म्यापासून होता, हा आपला विश्वास आहे. पण नासरेथच्या गल्लीला हे ठाऊक नव्हते. गावाने बोटे मोजलीच असतील. त्या बोटांच्या आणि मरीयेच्या मध्ये योसेफ उभा राहिला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी भागातील कुमारी मातांविषयी आपण वर्तमानपत्रांत अनेकदा वाचले आहे. कोलाम आणि इतर आदिवासी समाजातल्या गरीब मुलींना कामाच्या, लग्नाच्या आमिषाने फसवले गेले. फसवणारे पुरुष निघून गेले आणि आयुष्यभराचा डाग मात्र मुलीच्या नावावर राहिला. आपल्या भागातही अशी एखादी मुलगी असते. ती चर्चमध्ये आली की मागच्या बाकावर कुजबुज होते. प्रिय बंधूंनो, विशेषतः पुरुषांनो, योसेफाचा धडा आपल्यासाठी आहे. सत्य पूर्ण कळलेले नसतानाही दुर्बळाची अब्रू राखता येते. आणि अशा वेळी पुष्कळ बोलण्यापेक्षा नुसते तिच्या बाजूने उभे राहणे अधिक कामाचे असते.

४. बाळाला गुंडाळले : प्रेम हाताने करायचे असते

मरीयेने बाळाला बाळंत्याने गुंडाळले, हे लूक मुद्दाम नोंदवतो. जगाच्या तारणाऱ्याच्या जन्माविषयी लिहिताना त्याला हे सांगावेसे वाटले. मेंढपाळांना देवदूताने जी खूण दिली तिच्यातही गुंडाळलेले बाळ आहे. देवपुत्राला थंडी वाजत होती. शब्द देही झाला, म्हणजे त्या देहाला ऊब लागत होती, दूध लागत होते, कोणाचा तरी हात लागत होता.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथल्या खेड्यांत नवजात बाळे फार मरत होती आणि दवाखाना दूर होता. त्यांनी गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. बाळाला ऊब देणे, वजन करणे, श्वास मोजणे, धोक्याची लक्षणे ओळखून वेळीच उपचार करणे, असे ते काम. काही वर्षांत त्या गावांतले नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचा अहवाल छापून आला आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. मोठे यंत्र नव्हे, गावच्या बाईचे शिकलेले हात.

भट्टीवरच्या त्या आजीने हेच केले, फक्त तिला कोणी शिकवले नव्हते. आपण मात्र शिकून घेऊ शकतो. या थंडीत आपल्या ओळखीत कोठेही बाळंतपण असेल तर एवढे लक्षात ठेवा :

बाळ जन्मताच कोरड्या कापडाने पुसावे आणि आईच्या छातीशी, अंगाला अंग लागेल असे धरून वरून पांघरूण घालावे. डोके झाकावे. पहिल्या तासात आईचे दूध पाजावे. मध, साखरेचे पाणी, घुटी काही देऊ नये. लगेच आंघोळ घालू नये. बाळाचे हातपाय गार लागले, दूध ओढेनासे झाले, श्वास फार जोरात चालला किंवा ते सुस्त पडले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या बाईने माता-बाल कार्ड व रेशनकार्ड बरोबर घ्यावे. कार्ड असले की नव्या गावच्या आशाताईंना पुढची तपासणी करणे सोपे जाते, आणि रेशनही आता दुसऱ्या गावात मिळू शकते.

हे सारे लिहिणे अभ्यासलेखात शोभते का, असे कोणी विचारील. लूकला बाळंते शोभले, तर आपल्याला का शोभू नये?

५. मेंढपाळ : ज्यांची नोंद कोणी घेत नव्हते

औगुस्ताच्या वहीत नावे लिहिली जात होती त्याच रात्री देवाने आपली बातमी रानात राखण करणाऱ्या मेंढपाळांना कळवली. राजवाड्याला नाही, मंदिराच्या मुख्य याजकाला नाही.

आपल्या पूर्व विदर्भात गुरे राखणारा समाज म्हणजे गोवारी. दिवाळीच्या पाडव्याला गोवारी बांधव गायी सजवतात, गायगोधन करतात, नाचतात. सगळे गाव पाहायला जमते. वर्षभर मात्र त्यांची आठवण कोणाला नसते. आपली नोंद अनुसूचित जमाती म्हणून व्हावी, ही त्यांची जुनी मागणी. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी ती मागणी घेऊन हजारो गोवारी नागपूरला विधिमंडळ अधिवेशनावर मोर्चाने आले. त्या दिवशी झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जण मेले. त्यांत स्त्रिया आणि मुले फार होती. नागपुरात झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे. आपण नाताळच्या खरेदीला सीताबर्डीला जातो तेव्हा ते वाटेतच लागते.

मागणीचा निर्णय न्यायालये आणि शासन यांचा. तो वाद या लेखाचा विषय नाही. पण एवढे आपण नक्की म्हणू शकतो की बेथलेहेमच्या देवाला गुरे राखणाऱ्यांची नावे ठाऊक आहेत. ज्यांचे नाव सरकारी यादीत बसत नाही त्यांना तो सर्वांत आधी हाक मारतो. या वर्षी गव्हाणीत मेंढपाळांची चित्रे मांडताना त्या ११४ जणांसाठी क्षणभर थांबून प्रार्थना केली तर ते योग्य होईल.

आणखी एक गोष्ट. मेंढपाळांनी बाळ पाहिले, सांगितले आणि परत गेले (लूक २:२०). कुठे? आपल्या कळपाकडे. त्यांचे काम बदलले नाही, मजुरी वाढली नाही. पण ते देवाची स्तुती करत परतले. दर्शन झाले म्हणजे परिस्थिती बदलतेच असे नाही. त्याच परिस्थितीत माणूस ताठ मानेने उभा राहतो, हेही थोडे नाही. याचा अर्थ गरिबी तशीच राहू द्यावी असा मात्र कोणी घेऊ नये. मरीयेचे गीत (लूक १:४६-५५) वाचा : तिच्या गीतातला देव भुकेल्यांची पोटे भरतो आणि सत्ताधाऱ्यांना आसनावरून खाली आणतो.

६. मागी लोक आणि शास्त्री : चालणारे आणि न चालणारे

मागी लोक किती होते हे मत्तय सांगत नाही. तीन दाने होती म्हणून आपण तीन धरले. ते परदेशी होते, परधर्मी होते, तारे पाहणारे होते. उलट यरुशलेमातल्या याजकांना आणि शास्त्र्यांना मीखाचे भविष्य तोंडपाठ होते (मीखा ५:२). हेरोदाने विचारताच त्यांनी गावाचे नाव सांगितले. बेथलेहेम तिथून आठ-नऊ किलोमीटरवर होते. मागी शेकडो मैल चालून आले आणि शास्त्री आठ किलोमीटर गेले नाहीत.

मी धर्मशास्त्राची पदविका घेतली आहे. हा परिच्छेद वाचताना मी नेहमी शास्त्र्यांच्या रांगेत उभा असतो. उत्तर माहीत असणे आणि जाऊन पाहणे यांत फार अंतर आहे. हॉलपासून वीटभट्टी चार किलोमीटरही नव्हती.

जाऊन पाहणाऱ्यांपैकी एक आपल्या नागपूरचा आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले. शाळा चालवता चालवता ते गोंडांच्या खेड्यांत हिंडले, त्यांची भाषा ऐकली, त्यांच्या चालीरीती आणि लिंगोचे पारंपरिक गीत लिहून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची टिपणे सर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. आज गोंड समाजाचा अभ्यास करणाऱ्यांना ती टिपणे पाहावी लागतात. सांगायला आलेला माणूस आधी ऐकायला बसला, हे मला त्यांच्या जीवनातले मोठे वाटते. देवानेही तेच केले. येशूने उपदेश सुरू केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता (लूक ३:२३). तोवर तो माणसांत राहिला.

मागी लोकांनी नमन केले, दाने दिली आणि ते आपल्या देशी परत गेले. बाळाच्या आईने त्यांना कोणतीही अट घातली नाही. आपल्या सेवेविषयी आज अनेक प्रश्न विचारले जातात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. गव्हाणीतले दान बिनशर्त होते. आपले औषध, पांघरूण, शिकवणी हेही बिनशर्तच असले पाहिजे. ज्या मदतीच्या मागे गळ लपलेला आहे ती मदत ख्रिस्ताची नव्हे. कोणी विचारले तर आपल्या आशेचे कारण आपण आनंदाने सांगू. पण भाकरीचा तुकडा पुढे करून नव्हे.

७. मिसरची वाट

नाताळची कार्डे गव्हाणीपाशी संपतात. मत्तय तिथे थांबत नाही. हेरोदाची तलवार येते, बेथलेहेमच्या घरांत आकांत होतो आणि योसेफ रातोरात आई व मुलाला घेऊन परदेशात पळतो. येशूचे पहिले दिवस आश्रिताचे होते. मिसरात त्यांना कोणी तरी राहू दिले, योसेफाला कोणी तरी काम दिले. त्या माणसांची नावे शास्त्रात नाहीत. आपण त्या अनामिकांसारखे व्हावे, एवढी या कथेची आपल्याकडून अपेक्षा आहे.

आणि चाळीस दिवसांनी मंदिरात अर्पण करताना मरीयेने कोकरू दिले नाही, पाखरांची जोडी दिली. लेवीय १२:८ मध्ये ही सवलत ज्याला कोकरू परवडत नाही त्याच्यासाठी होती. म्हणजे आपल्या प्रभूचे कुटुंब आजच्या भाषेत पिवळ्या रेशनकार्डाचे होते. म्हणून ज्या हाताला आपण मदत देतो त्याच्याकडे खाली पाहू नये. तो हात प्रभूच्या आईच्या हातासारखा आहे.

आत्मपरीक्षणासाठी

या आठवड्यात एकट्याने किंवा कुटुंबात पुढील प्रश्नांवर बोलावे :

१) आमच्या गावात या हंगामात बाहेरून कामाला आलेली कुटुंबे कोठे राहतात? मी त्यांतल्या एकाच्या तरी झोपडीत बसलो आहे का?

२) माझ्या घरात, वेळेत, पैशात आधीपासून रिकामी ठेवलेली अशी कोणती जागा आहे?

३) कोणाच्या अब्रूविषयी मी नको ते बोललो? ते परत कसे घेईन?

४) मला ठाऊक असलेले कोणते वचन मी अजून चालून पाहिलेले नाही?

५) आमच्या मंडळीच्या नाताळ कार्यक्रमातला कोणता एक खर्च कमी करून चार पांघरुणे घेता येतील?

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, तू आपला पुत्र आम्हांला दिलास आणि आम्ही त्याच्यासाठी सजावट केली, पण पुष्कळदा जागा केली नाही. आम्हांला क्षमा कर. फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला ओळखण्याची दृष्टी दे. या थंडीत भट्टीवर, शेतावर, रस्त्याच्या कडेला जन्मणाऱ्या प्रत्येक लेकराला ऊब मिळो आणि ती देणारे हात आमचे असोत. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

सर्वांना ख्रिस्तजन्माच्या शुभेच्छा. आणि हो, २४ तारखेच्या रात्री आपल्या मंडळीची एक गाडी रिकामी ठेवा.